पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही मुंबईतल्या एका विद्यापीठात समाजशास्त्र शिकवता. कायदा, संख्याशास्त्र, सामुदायिक वैद्यकशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र आणि नगररचना या विभागांतली मंडळी एकत्र येऊन शहराच्या सार्वजनिक आरोग्याचा कारभार कसा चालतो याचा अभ्यास करणार आहेत. निधीही मंजूर झाला आहे. पण बैठकीत प्रत्येक जण आपापल्या विषयाचं बोलतो आणि घड्याळाकडे बघत उठतो, अशी तुमची तक्रार आहे. सुरुवात कुठून करावी, टीम खरोखर एकत्र कशी काम करील आणि पालिकेत दार कसं उघडेल, हे तुम्ही विचारलं आहे. मी मूळची सामुदायिक वैद्यकशास्त्राची. पुढे बरीच वर्षं पालिकेच्या दवाखान्यांपासून विद्यापीठाच्या प्रकल्पांपर्यंत याच कामात गेली, त्यामुळे जरा लांबच लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे प्रकरणं वाटून घेऊ नका. कायद्याच्या बाईंनी कायद्याचं प्रकरण लिहायचं, संख्याशास्त्रवाल्यांनी आकड्यांचं, डॉक्टरांनी रोगांचं आणि शेवटी तुम्ही बसून सगळं शिवायचं, असं ठरलं की तीन वर्षांनी हातात सहा वेगवेगळे अहवाल येतात. मुखपृष्ठ तेवढं एक असतं. कारभाराचा अभ्यास असा होत नाही. एखादी जबाबदारी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, पालिकेकडून राज्याकडे किंवा रेल्वेकडे जाते, तेव्हा तिचं काय होतं हे बघणं म्हणजे कारभाराचा अभ्यास. त्या एका जागी सगळ्या विषयांना काम असतं. म्हणून माझा सल्ला असा की पहिलं वर्षभर सगळ्यांनी मिळून एकच बाब धरा आणि ती जिथे जिथे जाईल तिथे तिच्यामागे जा. माझ्या मते मुंबईत यासाठी सगळ्यात चांगली बाब म्हणजे पाण्याची टाकी. गच्चीवरची, डासांच्या अळ्या सापडलेली.

का, ते उदाहरणानेच सांगते. लालबाग-परळ भागातली एखादी जुनी उपकरप्राप्त चाळ (म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाला उपकर भरणारी भाड्याची इमारत) डोळ्यांसमोर आणा. ऑगस्ट महिना. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाला ताप येतो. घरचे त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेतात, कारण पालिकेचा दवाखाना सुरू असतो त्या वेळेत आई कामावर असते. डॉक्टर रक्ततपासणी लिहून देतात. खासगी प्रयोगशाळेत झटपट किटवर डेंग्यू पॉझिटिव्ह येतो. घरच्यांच्या दृष्टीने निदान झालं. सरकारी मोजणीत मात्र ही केस अजून 'संशयित'च असते. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एलायझा या प्रयोगशाळेतल्या जास्त खात्रीच्या तपासणीने शिक्कामोर्तब झाल्याशिवाय ती पक्क्या रुग्णांत धरत नाहीत. म्हणजे पहिल्याच पायरीवर तुमच्या संख्याशास्त्रज्ञाला आणि डॉक्टरांना एका टेबलावर बसावं लागतं: वर्तमानपत्रात येणारा डेंग्यूचा आकडा नेमका कशाचा? अहवाल देणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आणि दवाखाने वाढले की आकडा वाढतो, आणि बाहेर 'डेंग्यू वाढला' अशी बोंब होते. रोग वाढला की नोंद वाढली हे ठरवायचं तर कोण कळवतं, कधीपासून कळवतं आणि कळवलं नाही तर काय होतं, हे माहीत असावं लागतं. यातला शेवटचा प्रश्न कायद्याचा आहे.

पुढे बघा. ही बातमी वॉर्डाच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचली, तर हेल्थ पोस्टची, म्हणजे पालिकेच्या वस्तीपातळीवरच्या आरोग्य केंद्राची, आरोग्य सेविका चाळीत येते, दारोदार ताप विचारते. दुसरीकडून कीटकनाशक विभागाचे कामगार बॅटरी घेऊन येतात, ड्रम बघतात, कुंड्यांखालच्या बशा बघतात, गच्चीवर चढतात. टाकीचं झाकण एका बाजूने फुटलेलं आहे, वर फळी आणि वीट ठेवली आहे. पाण्यात अळ्या आहेत. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ मधल्या डास-प्रतिबंधाच्या तरतुदीखाली, म्हणजे कलम ३८१ब खाली, नोटीस निघते. आता नोटीस कुणाच्या नावे? मालक पुण्यात असतो आणि त्याला भाडं मिळतं ते चहापाण्याइतकं. भाडेकरू म्हणतात टाकी मालकाची. मालक म्हणतो, उपकर भरतोय, दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने करावी. मंडळाकडे झाकणासाठी खर्चाचं स्वतंत्र शीर्ष आहे का, हे चाळीत कुणालाच ठाऊक नसतं. नोटिशीवर काही झालं नाही तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे जातं. या सगळ्यात आठवडे जातात, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला जेमतेम आठवडा-दहा दिवस लागतात.

या एका टाकीभोवती तुमची सगळी टीम उभी आहे. कायद्याच्या बाई नोटिशीचा कागद वाचतील: मालक, कब्जेदार, व्यवस्थापक यांपैकी कुणाला जबाबदार धरलं आहे आणि न्यायालयात ते टिकतं का. नगररचनावाले इमारतीचा दर्जा शोधतील: उपकरप्राप्त, सोसायटी, झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत की बीडीडी चाळ. अर्थशास्त्राचे सहकारी कीटकनाशक विभागाच्या मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत हे बघतील. आणि तुम्ही स्वतः चाळीतल्या बायकांशी बोलाल, तेव्हा बाकीच्यांच्या ध्यानात न आलेली गोष्ट हाती लागेल. घराघरांत ड्रम का आहेत? पाणी ठरावीक वेळेपुरतं येतं, आणि ती वेळ चावीवाल्याच्या, म्हणजे भागाभागाचं पाणी सोडणाऱ्या पालिकेच्या कामगाराच्या, हातात असते. पाणी भरून ठेवल्याशिवाय इथे संसार होत नाही. डॉक्टरांच्या अहवालात 'नागरिकांचे असहकार्य' असा शेरा पडतो, त्याच्यामागे जलअभियंता खात्याचं वेळापत्रक असतं. आरोग्य खात्याच्या बैठकीला जलअभियंता खात्याचं कुणी हजर असतं का, हे जाऊन बघा. बाकी शंभर प्रश्नांपेक्षा त्या एका प्रश्नातून कारभाराबद्दल जास्त कळतं.

चाळीची भिंत ओलांडलीत की आणखी गंमत नव्हे, खरी अडचण सुरू होते. पलीकडे रेल्वेची जागा असेल, थोडं पूर्वेला गेलं की बंदर प्राधिकरणाची. तिथे साचलेलं पाणी दिसलं तरी पालिकेचा कामगार सहजी आत शिरू शकत नाही. पत्रव्यवहार होतो. डासाला अर्थातच हद्द कळत नाही, पण त्याच्यामागे जाणाऱ्याला ती पावलोपावली आडवी येते.

इतिहासाच्या सहकाऱ्याला बैठकीत काम नाही असं वाटत असेल तर त्यांना बेंटली यांचा अहवाल काढायला सांगा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत मलेरियाचा जोर होता. चार्ल्स बेंटली या डॉक्टरांनी तपास करून १९११ मध्ये मांडलं की शहरातल्या विहिरींत वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास त्याला कारणीभूत आहे. उपाय सरळ होता, विहिरी बुजवा किंवा पक्क्या झाका. पण विहिरी घरांच्या होत्या, वाड्यांच्या होत्या, गिरण्यांच्या होत्या, आणि कित्येक धार्मिक विधींच्या होत्या. हिंदू आणि पारशी दोन्ही समाजांतून विरोध झाला. दुसऱ्याच्या आवारात शिरून 'हे झाका' म्हणायचा अधिकार कुणाचा, खर्च कुणी करायचा, श्रद्धेला किती जागा द्यायची, हे प्रश्न त्या वेळी महापालिकेत गाजले. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी पुन्हा मुंबईच्या मलेरियाचा अभ्यास केला तेव्हाही मुद्दे पुष्कळसे तेच होते. आजही शहरातला मलेरिया पसरवणारा मुख्य डास हाच आहे, फक्त विहिरीच्या जागी गच्चीवरची टाकी आली. चर्चगेटची भिखा बेहराम विहीर अजून आहे, टीमला एकदा तिथे घेऊन जा. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथले महापालिकेसंबंधीचे जुने कागद बघितले की तरुण संशोधकांच्या एक गोष्ट ध्यानात येते: आपण ज्याला 'समन्वयाचा अभाव' म्हणून मोकळे होतो, त्याच्यामागे शंभर वर्षांचे मालकी हक्काचे आणि अधिकाराचे वाद असतात.

प्लेगचंही तेच. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला, १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने रस्ते रुंद केले आणि वस्त्या हलवल्या. आरोग्याचं नाव घेऊन शहराची जमीन कशी फिरली हे ज्यांना अभ्यासायचं आहे त्यांच्यासाठी तो मोठा विषय आहे, पण पहिल्या वर्षी त्यात शिरू नका. माणूस त्यात बुडतो.

आता थोडं 'कोण कुणाच्या हाताखाली' याबद्दल. टीममधल्या प्रत्येकाला हे तोंडपाठ हवं. नाहीतर मुलाखतीत समोरचा अधिकारी दोन मिनिटांत ओळखतो की यांचा गृहपाठ झालेला नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, सहावी नोंद. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत तो नगरपालिकांच्या यादीतही आहे, तिथेही सहावीच नोंद. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथ पसरू नये हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्रालाही त्यात हात घालता येतो. कागदावरची ही विभागणी मुंबईत रस्तोरस्ती दिसते. केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, नायर आणि कूपर ही पालिकेची. जे. जे., जी. टी., सेंट जॉर्जेस आणि कामा राज्य सरकारची. परळचं टाटा मेमोरियल केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखाली. कामगार विम्याची आणि रेल्वेची रुग्णालयं आणखी वेगळी. शिवाय खासगी नर्सिंग होम्स: त्यांचा कायदा राज्याचा, १९४९ चा, पण मुंबईत नोंदणी आणि तपासणी पालिकेचा आरोग्य विभाग करतो. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे २०२१ मध्ये जुन्या कायद्याखालचे नियम बदलले गेले.

पालिकेच्या आतही एक घर नाही. मोठी रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयं एका संचालकांकडे, उपनगरीय रुग्णालयं वेगळ्या साखळीत, दवाखाने आणि हेल्थ पोस्ट कार्यकारी आरोग्य अधिकाऱ्यांकडे. दवाखाना आणि हेल्थ पोस्ट कधीकधी एकाच इमारतीत असतात, पण त्यांचा जन्म वेगळा. दवाखाने जुने, उपचारासाठी काढलेले. हेल्थ पोस्ट १९८०च्या दशकाच्या अखेरीस जागतिक बँकेच्या मदतीने कुटुंबकल्याण कार्यक्रमात आल्या. त्यांची रजिस्टरं वेगळी, माणसं वेगळी, सवयी वेगळ्या. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं, नोव्हेंबर २०२२ पासून आपला दवाखाना आला. प्रत्येक योजनेने नवा थर टाकला, जुना कुणी काढला नाही. वॉर्डातला वैद्यकीय आरोग्य अधिकारी या सगळ्या थरांच्या मध्ये उभा असतो. तांत्रिक बाबतीत तो मुख्यालयाला बांधील, रोजच्या कामात वॉर्डाच्या सहायक आयुक्तांना. साथ, लसीकरण, नर्सिंग होमची तपासणी, स्मशानभूमी, जन्म-मृत्यू नोंदणी, सगळं त्याच्याच गळ्यात. तुमच्या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच, आणि त्याच्याकडे वेळ सगळ्यात कमी.

राजकीय बाजूही विसरू नका. १८८८ च्या अधिनियमाने कार्यकारी अधिकार आयुक्तांना दिले आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. महापौरांचं पद मानाचं. तरीही २२७ नगरसेवक, स्थायी समिती आणि सार्वजनिक आरोग्य समिती ही प्रश्न विचारायची जागा होती. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. या काळात नेमकं काय बदललं? दवाखान्यात औषध नाही ही तक्रार लोक कुणाकडे घेऊन गेले? नगरसेवकाच्या कार्यालयातून वॉर्ड ऑफिसला जाणारा फोन बंद झाला तेव्हा त्या जागी काय आलं, आमदाराची चिठ्ठी की काहीच नाही? नगरसेवक असतानाचे समितीचे कार्यवृत्तांत आणि नंतरचे प्रशासकीय ठराव शेजारी ठेवून वाचायला एखादा चांगला पीएचडीचा विद्यार्थी द्या. हे काम आत्ता व्हायला हवं. ज्यांना तो काळ आठवतो ती माणसं निवृत्त होत चालली आहेत.

आकड्यांबद्दल एक गोष्ट जवळून दाखवते, कारण बाहेरून येणाऱ्या हुशार माणसांची गाडी इथे हमखास घसरते. वॉर्डनिहाय मृत्यूंची यादी मिळाली की पहिल्यांदा नकाशा रंगवला जातो. त्यात एफ दक्षिण वॉर्ड गडद लाल दिसतो. परळमध्ये माणसं इतकी मरतात? कारण साधं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवला जातो, आणि केईएम व टाटा मेमोरियल दोन्ही याच वॉर्डात आहेत. तिथे मरणारा माणूस विक्रोळीचा असेल, पालघरचा असेल, बिहारचा असेल. उलट गोवंडीत राहणाऱ्या बाईचा मृत्यू सायनला झाला तर तो गोवंडीच्या खात्यात मोजला जात नाही. राहण्याचा पत्ता नोंदीत असतो, पण तो रुग्णाला दाखल करताना नातेवाइकाने सांगितलेला असतो. त्यात 'झोपडी क्रमांक नाही, मशिदीमागे' असंही लिहिलेलं सापडतं. पत्त्यावरून वॉर्ड लावायचं काम कॉम्प्युटरवर सोडू नका. तो भाग ज्याच्या पायाखालचा आहे अशा माणसाला संख्याशास्त्रज्ञाच्या शेजारी बसवा.

त्याच नोंदीत मृत्यूच्या कारणाची ओळ बघा. डॉक्टर कारणाचा दाखला देतात तो रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ मध्ये, घरी झालेल्यासाठी ४अ मध्ये. कारणाच्या रकान्यात कित्येकदा 'हृदय व श्वसन बंद पडल्याने' एवढंच असतं. मरणाऱ्या प्रत्येकाचं हृदय बंद पडतंच, त्यातून काही कळत नाही. असं का लिहिलं जातं? रात्री तीन वाजता फॉर्म भरणारा निवासी डॉक्टर दमलेला असतो, नातेवाईक दारात उभे असतात, आणि हा फॉर्म नीट कसा भरायचा याकडे शिक्षणात फारसं लक्ष दिलेलं नसतं. इथे वैद्यकशास्त्र, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र यांना वेगळं करून दाखवा बरं. वॉर्डाची लोकसंख्याही २०११ च्या जनगणनेची धरायची की वाढवून धरायची, यावरून दर बदलतो. छेदात काय आहे हे विचारल्याशिवाय कुठलाही दर छापू नका.

एकत्र काम चांगलं झाल्याचं उदाहरण हवं असेल तर जुलै २०२० मधलं कोविडचं सेरो सर्वेक्षण, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं तपासून संसर्ग होऊन गेला का हे बघणारं सर्वेक्षण, बघा. नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी ते मिळून केलं. एफ उत्तर, एम पश्चिम आणि आर उत्तर हे तीन वॉर्ड निवडले. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. त्याआधी नोंद झालेल्या रुग्णांवरून कुणीच हे चित्र उभं करू शकलं नसतं. त्यात नमुना निवडणारे, प्रयोगशाळावाले, वॉर्डातले अधिकारी आणि दारोदार फिरणाऱ्या आरोग्य सेविका एकाच प्रश्नाला जुंपलेल्या होत्या, आणि प्रश्न एवढाच होता की आत्तापर्यंत किती जणांना संसर्ग होऊन गेला. तुमच्या टीमचाही प्रश्न इतका नेमका असावा.

परवानगीचं सांगते. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी लागेलच. पालिकेच्या रुग्णालयात पाऊल टाकायचं तर त्या रुग्णालयाच्या समितीचीही लागते, आणि आरोग्य खात्याकडून वेगळं पत्र. मुख्यालयाचं पत्र हातात असलं तरी वॉर्डात जाऊन सहायक आयुक्तांना आणि आरोग्य अधिकाऱ्यांना आधी भेटा. आवक क्रमांक घेऊन ठेवा. माहितीचा अधिकार हे चांगलं साधन आहे, जुनी परिपत्रकं, मंजूर आणि रिक्त पदांचे तक्ते यासाठी जरूर वापरा. पण ज्या कार्यालयात तुम्ही महिनोन्महिने बसणार आहात तिथे पहिली ओळख अर्ज टाकून करून देऊ नका. आधी माणसांना भेटा. पुष्कळदा तोच तक्ता भिंतीवर लावलेला असतो.

नाव गुप्त ठेवण्याबद्दल मी फार आग्रही आहे. 'एका वॉर्डातील वैद्यकीय आरोग्य अधिकारी म्हणाले' असं लिहिलंत आणि शेजारच्या तक्त्यात वॉर्डाचं नाव आलं, तर तो माणूस कोण हे अख्ख्या खात्याला कळतं, कारण त्या पदावर एकच माणूस असतो. खालच्या कर्मचाऱ्यांचं तर विचारूच नका. कंत्राटी प्रयोगशाळा तंत्रज्ञाने औषधांच्या तुटवड्याबद्दल सांगितलं आणि त्याचं पुढच्या वर्षीचं नूतनीकरण अडलं, तर तुमचा शोधनिबंध त्याला काय उपयोगाचा? म्हणून पद आणि जागा यांपैकी एकच गोष्ट छापायची, हे लेखी ठरवून घ्या. डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ रुग्णांची नावं गाळायला सरावलेले असतात, अधिकाऱ्यांची ओळख झाकायची सवय त्यांना नसते. ती मानवशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या माणसांनी शिकवावी लागते.

आरोग्य सेविकांबद्दलही बोलायला हवं. प्रत्येक संशोधकाला त्या हव्या असतात, कारण त्यांना गल्ली माहीत असते आणि लोक त्यांना दार उघडतात. त्या मानधनावर काम करतात, आणि त्यांच्या पदाच्या दर्जासाठी, हक्कांसाठी त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं लढा दिला आहे. सकाळी लसीकरण, दुपारी क्षयाच्या रुग्णांच्या घरी, मध्येच कुठलं तरी सर्वेक्षण, वर तुमची प्रश्नावली. त्यांना फुकटात सर्वेक्षक करू नका. वेळ घेणार असाल तर अंदाजपत्रकात त्याचा मोबदला धरा आणि तो त्यांना देता येतो का हे खात्याला आधी विचारा. आणि त्यांच्याकडून नुसती माहिती घेऊन थांबू नका. तापाच्या साथीत कुठली गल्ली आधी पेटते, हे सांगणाऱ्या बाईचं नाव ऋणनिर्देशात शेवटच्या ओळीत येणं मला बरोबर वाटत नाही. तिची हरकत नसेल आणि तिला त्याचा त्रास होणार नसेल, तर सहलेखनाचाही विचार करा.

टीमच्या आतल्या व्यवहाराबद्दल थोडक्यात. क्षेत्रभेटीला नेहमी दोन वेगळ्या विषयांची जोडी पाठवा, डॉक्टरबरोबर कायद्याची विद्यार्थिनी, अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र. परत आल्यावर दोघांनी एकच टिपण लिहायचं, मराठीत, त्याच संध्याकाळी. वॉर्ड ऑफिसात व्यवहार मराठीत चालतो. 'शेरा मारला', 'फाइल वर पाठवली', 'तोंडी सांगितलं' यांत जे अर्थाचे पदर असतात ते इंग्रजी टिपणात राहत नाहीत. गोवंडी-मानखुर्दला गेलात तर हिंदी-उर्दू जाणणारं माणूस सोबत हवंच. दोघांचं एखाद्या गोष्टीवर पटलं नाही तर मतभेद टिपणात तसाच राहू द्या, खोडू नका. डॉक्टरला निष्काळजीपणा दिसला आणि कायद्याच्या मुलीला अधिकारच नव्हता असं दिसलं, तर तुमच्या अभ्यासाचा पुढचा प्रश्न तिथेच मिळाला. लेखकांच्या नावांचा क्रम, कुठल्या विषयाच्या नियतकालिकात काय जाईल आणि कुठल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात कुठला भाग वापरला जाईल, हे निधीचा पहिला हप्ता यायच्या आत कागदावर आणा. चांगल्या टीम इथेच फुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. पालिकेच्या एकूण अर्थसंकल्पातला साधारण दहावा हिस्सा आरोग्याला जातो असं अलीकडच्या आकड्यांवरून दिसतं, पण मंजूर रकमेवर थांबू नका. सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या रकान्यांत खरी माहिती असते. मोठ्या इमारतीची घोषणा आणि दवाखान्यातली रिकामी फार्मासिस्टची खुर्ची एकाच पुस्तकात सापडते.

निष्कर्ष सांगायची वेळ आली की आधी वॉर्डाला सांगा. शोधनिबंध छापून यायला वर्ष-दीड वर्ष जातं, तोवर तो अधिकारी बदलून गेलेला असतो. दोन पानांचं मराठी टिपण करा: काय दिसलं, कुठे अडतं, कुठली गोष्ट वॉर्डाच्या हातात आहे आणि कुठल्या गोष्टीला मुख्यालय, म्हाडा किंवा रेल्वे लागेल. ही शेवटची विभागणी अधिकाऱ्यांना सगळ्यात उपयोगी पडते, कारण वरच्या बैठकीत ते तुमचा कागद पुढे करू शकतात. चाळीत, वस्तीतही एक बैठक घ्या आणि तेच टिपण वाचून दाखवा. लोक चुका काढतील, त्या दुरुस्त करा.

वॉर्ड कुठला, तर पहिल्या वर्षी एकच. एफ दक्षिण घेतलात तर चाळी, टॉवर, मोठी रुग्णालयं, रेल्वे आणि जुने कागद, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळेल. एम पूर्व, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा वॉर्ड, घेतलात तर पाण्याचा प्रश्न उघडावाघडा दिसेल. २०२२ च्या अखेरीस गोवरची साथ याच भागात भडकली होती, त्यामुळे लसीकरणाच्या बाजूनेही धागा लागेल. मात्र तिथे लोक संशोधकांना कंटाळले आहेत. आधी स्थानिक संस्थांशी बोलून, आजवर कुणी काय विचारलं आहे ते बघूनच जा. मी असते तर एफ दक्षिणने सुरुवात करून दुसऱ्या वर्षी एम पूर्व घेतला असता.

आणि वेळ जपा. पावसाळ्यात कीटकनाशक विभागाला आणि आरोग्य अधिकाऱ्यांना श्वास घ्यायलाही फुरसत नसते. टाक्यांची तपासणी आणि नोटिसा यांचं काम पावसाआधी जोरात असतं, तेव्हा त्यांच्याबरोबर गच्चीवर चढता येतं. अर्ज मार्चच्या आत द्या, म्हणजे एप्रिल-मेमध्ये बरोबर फिरता येईल आणि जून ते सप्टेंबर नुसतं बाजूला उभं राहून बघता येईल. अर्ज एका पानाचा असू दे: कुठला वॉर्ड, कुठली बाब, किती महिने, आणि टीममधल्या ज्या दोघांना कधीही फोन करता येईल त्यांची नावं.